प्राथमिक शाळेतील मुले आणि संगणक

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्या मंडळाचा वर्धापनदिन. अशा दिवशी गोड बोलावे, मंडळाच्या कार्याचा गौरव करावा आणि लाडू-चिवड्याच्या बशा येण्याआधी खाली बसावे, अशी रीत आहे. ती मला ठाऊक नाही असे नाही. परंतु चिटणीसबाईंनी मला विषयच असा दिला आहे की त्यात थोडे कडूही बोलावे लागेल. गेल्या महिन्याच्या सभेत आपण ठरवले की, यंदाच्या वर्गणीतून शेजारच्या प्राथमिक शाळेला काही भेट द्यावी. शाळेकडून मागणी आली ती भिंतीवर लावायच्या, बोटाने चालणाऱ्या मोठ्या फळ्याची. 'मुलांना संगणकाचे शिक्षण मिळेल' असे त्या पत्रात लिहिले होते. बहुतेक सगळ्यांनी हात वर केले. मी केला नाही, हे काही जणींच्या लक्षात आले, आणि म्हणूनच आज मला येथे उभे केले आहे. तेव्हा मी हात का वर केला नाही, एवढेच सांगते.

मी ३४ वर्षे प्राथमिक शाळांत शिकवले. पाटीवर शिकवले, खडू-फळ्यावर शिकवले, आणि नोकरीच्या उत्तरार्धात संगणकही शिकवला. 'शिकवला' असे मी म्हणते खरी. पण त्यातला पहिला भाग ऐकून आपणच ठरवा.

२००४ सालची गोष्ट. तेव्हा मी एका खेड्यातील शाळेत होते. एका देणगीदाराकडून शाळेला दोन संगणक मिळाले. त्या दिवशी दाराला तोरण बांधले, यंत्रांना हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, मुलांना पेढे दिले. शिपाईमामांनी दोन्ही यंत्रांना फुलाफुलांच्या कापडाचे अभ्रे शिवून आणले. आणि मग ती यंत्रे मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलपात गेली. आठवड्यातून एकदा, शनिवारी, चपला बाहेर काढून चाळीस मुले त्या खोलीत दाटीवाटीने बसत. मी एक अभ्रा काढी, यंत्र चालू करी, आणि हातात पट्टी घेऊन दाखवी : हा पडदा, हा कळफलक, हा उंदीर, ही पेटी. मुले सुरात म्हणत. मग मी उंदीर हलवून दाखवी, पडद्यावर बाण हलला की मुले 'हो ऽऽ' करीत, आणि तास संपे. चाचणीत प्रश्न असे, 'संगणकाच्या भागांची नावे लिहा.' सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण. तालुक्याहून साहेब आले की मुले घडाघडा नावे सांगत, आणि साहेब खूश होऊन जात.

हात लावायला मिळे तो चार-पाच मुलांना. त्यांची निवड मीच करी. ज्यांचे हात स्वच्छ, ज्यांचे अक्षर चांगले, जी पुढे घुसून 'बाई मी, बाई मी' म्हणत, ती. यंत्र बिघडले तर कोण भरून देणार, ही धास्ती मुख्याध्यापकांना होती आणि मलाही होती. त्या धास्तीचा दोष मी दुसऱ्या कुणावर टाकत नाही.

तिसऱ्या रांगेत एक मुलगी बसत असे. अबोल, सावळी, सकाळी म्हशीचे शेण काढून शाळेला येणारी. एकदा मधल्या सुट्टीत मी वर्गात परत आले तर ही एकटीच बसलेली, आणि वहीवर बोटे आपटते आहे. जवळ जाऊन पाहिले, तर तिने वहीच्या दोन पानांवर आडवा कळफलक काढलेला. प्रत्येक कळीवरचे इंग्रजी अक्षर जागच्या जागी. तिला इंग्रजी अक्षरे धड वाचताही येत नव्हती. नुसत्या दुरून पाहिलेल्या चित्राप्रमाणे तिने ती उतरवली होती. मी विचारले, 'हे काय करतेस?' ती म्हणाली, 'बाई, माझा नंबर नाही ना आला अजून. म्हणून करून बघते.' मी तिची पाठ थोपटली, चित्र सगळ्या वर्गाला दाखवले, टाळ्या वाजवायला लावल्या. पण नंबर दिला नाही. पुढच्या शनिवारी देऊ म्हटले आणि विसरले. चौथी पास होऊन ती शाळेतून गेली, ती त्या यंत्राला एकदाही बोट न लावता.

भगिनींनो, आपल्या मंडळाचा शिवणवर्ग इतकी वर्षे चालू आहे. मशीनवर अभ्रा घालून, 'ही दाबपट्टी, ही बॉबिन, हे पायटे' असे वर्षभर पाठ करून घेतले तर एक तरी बाई झबले शिवू शकेल काय? पहिल्याच दिवशी आपण नव्या बाईला मशीनवर बसवतो, धागा न ओवता नुसते कागदावर सरळ टाके मारायला लावतो. चाक उलटे फिरते, कागद फाटतो, ती हसते, आपण हसतो, आणि आठवड्यात पाय बसतो. हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवले नाही. मग मुलांच्या बाबतीत आपण नेमके उलटे का करावे?

२०११ साली माझी बदली दुसऱ्या शाळेत झाली. तेथे एका खोलीत पाच जुने संगणक होते, आणि माझ्या मुलाच्या वयाचा एक शिक्षक होता. त्याने मला 'लोगो' दाखवला. हा एक फुकट मिळणारा कार्यक्रम आहे. त्याचा इतिहास थोडा सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत १९६७ साली सीमूर पॅपर्ट, वॉलेस फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी तो खास मुलांसाठी तयार केला. हे पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. मुलांची बुद्धी कशी वाढते याचा अभ्यास करणारे पियाजे जिनिव्हाला होते, त्यांच्यापाशी पॅपर्ट काही वर्षे काम करून आलेले. पुढे १९८० साली त्यांनी 'माइंडस्टॉर्म्स' नावाचे पुस्तक लिहिले. त्यांचे सांगणे साधे होते : यंत्राने मुलाला धडे देत बसावे यापेक्षा मुलानेच यंत्राला शिकवावे. १९६७ साली, जेव्हा संगणकाने एकेक खोली व्यापलेली असे आणि मोठमोठ्या विद्वानांनाही त्याला हात लावायला वेळ ठरवून घ्यावी लागे, तेव्हा लहान पोरांबद्दल असे म्हणायला धैर्यच हवे.

लोगोमध्ये पडद्यावर एक कासव असते. सुरुवातीला ते खरेखुरे यंत्राचे कासव होते, जमिनीवर चालायचे आणि पोटाखालच्या पेनाने रेघ ओढायचे. नंतर ते पडद्यावर गेले. त्याला 'एफडी १००' म्हटले की ते शंभर पावले पुढे जाते. 'आरटी ९०' म्हटले की जागच्या जागी काटकोनात उजवीकडे वळते. हेच चारदा केले की चौकोन. एवढे दोन हुकूम चौथीच्या मुलांना पाच मिनिटांत येतात. आणि मग खरी गंमत सुरू होते.

आमच्या वर्गातल्या एका मुलाने त्रिकोण काढायचे मनावर घेतले. कंपासपेटीतला गुण्या त्याने पाहिला होता, सारख्या बाजूंच्या त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा हेही त्याला कुणी तरी सांगितलेले. त्याने तीनदा 'एफडी १००, आरटी ६०' लिहिले. त्रिकोण काही होईना. तीन बाजू झाल्या तरी तोंड उघडेच. मी म्हणणार होते, 'अरे, चुकले.' त्या तरुण शिक्षकाने मला डोळ्यांनीच थांबवले. मुलाने हट्टाने आणखी एकदा तेच लिहिले, आणखी एकदा, आणखी एकदा. सहाव्या वेळी कासव सुरुवातीच्या जागी आले आणि पडद्यावर छान षटकोन उभा राहिला. 'बाई, पोळ्यातलं घर!' असे तो ओरडला. मधमाशीच्या पोळ्यातले घर. सगळी मुले त्याच्या यंत्राभोवती.

पण त्रिकोण राहिलाच होता. पुढचे दोन दिवस ते पोर मधल्या सुट्टीत अंगणात स्वतःच कासव होऊन चालत होते. दहा पावले, वळ. दहा पावले, वळ. तिसऱ्या दिवशी येऊन त्याने मला सांगितले की, 'बाई, ६० वळून कसं भागेल? त्रिकोणाच्या टोकाला आपण जवळजवळ पाठ फिरवतो. खूप वळावं लागतं.' यंत्रावर बसून त्याने १०० घालून पाहिले, १३० घालून पाहिले, आणि १२० वर त्रिकोण जुळला. मी तोपर्यंत पंचवीसहून अधिक वर्षे भूमिती शिकवत होते. त्रिकोणाच्या बाहेरचा कोन म्हणजे काय, हे मलाही त्या दिवशी पायांत कळले.

आता या मुलाने काय शिकले? यंत्राच्या भागांची नावे त्याला कदाचित येत नसतील. पण मोठे काम लहान पायऱ्यांत कसे तोडावे, पायऱ्या कोणत्या क्रमाने लावाव्या, चूक झाली तर रडत न बसता ती कोठे झाली हे कसे हुडकावे, हे त्याला आले. संगणकाच्या शिक्षणाचा गाभा हाच आहे. बाकीचे, म्हणजे पत्र लिहिणे, कोष्टक करणे, चित्र रंगवणे, हे त्याच्या मागून येते, आणि दर चार वर्षांनी बदलतेही.

आपल्याकडे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीपासूनच्या मुलांसाठी 'कॉम्प्युटर मस्ती' नावाची पुस्तके तयार केली. तेजस आणि ज्योती ही दोन मुले आणि मोझ नावाचा एक उंदीर अशी त्यांतली पात्रे. त्यांतही भर आहे तो विचार करण्याच्या सवयीवर. केरळात सरकारने २००१ साली शाळांतून संगणकशिक्षण सुरू केले, पुढे ते फुकट मिळणाऱ्या कार्यक्रमांवर नेले, आणि तेथे पहिली ते चौथीच्या मुलांसाठी जे पुस्तक आहे त्याचे नाव 'कळिप्पेट्टी', म्हणजे खेळण्यांची पेटी. नावातच सगळे आले.

काही भगिनी मनात म्हणत असतील की, हे गणिताच्या हुशार मुलांचे काम झाले. तसे नाही. आपण विणकाम करतो तेव्हा 'दोन सुलट, दोन उलट, ओळ संपेपर्यंत' असे पुस्तकात लिहिलेले असते. चौकोन काढायला कासवाला 'हे चारदा कर' म्हणतात, त्यात आणि यात काडीचा फरक नाही. लेडी एडा लव्हलेस या इंग्रज बाईने १८४३ साली, संगणक जन्मण्याच्या शंभर वर्षे आधी, बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्रावर टिपा लिहिल्या, आणि त्यांत तिलाही मागावर विणल्या जाणाऱ्या फुलापानांचीच उपमा सुचली. मात्र एक आहे. आपल्या पाककृतींत आपण 'चवीपुरते मीठ' आणि 'अंदाजाने पाणी' लिहितो, तेथे यंत्राचे घोडे अडते. त्याला अंदाज नसतो.

वर्गात मी याचाच खेळ करी, आणि त्याला यंत्रही लागत नाही. टेबलावर रिकामे पातेले, साखरेचा डबा, चमचा, कप ठेवायचे. मी यंत्र, मुले मालक. मुले म्हणत, 'बाई, साखर घाला.' मी झाकण न काढताच डबा पातेल्यावर पालथा करी. हशा. मग, 'झाकण काढा.' मी झाकण काढून खाली टाकून देई. 'साखर घाला.' मी सगळा डबा ओती. हळूहळू मुलांच्या लक्षात येई की सांगणाऱ्यानेच नीट सांगितले पाहिजे. घरी जाऊन काहींनी हा खेळ आपल्या आजीबरोबर खेळून खऱ्या साखरेची नासाडी केली, अशा तक्रारीही आल्या. तेवढे मी सहन केले.

कळफलकाबद्दल मला सविस्तर सांगितले पाहिजे, कारण येथे आपल्या मराठीचा फार मोठा फायदा आहे आणि तो आपण फुकट घालवतो. मुलांना 'एएमएमए' टंकून 'अम्मा' उमटवायला शिकवतात, म्हणजे मराठी लिहायला आधी इंग्रजी यावे लागते! याची काही गरज नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी 'इनस्क्रिप्ट' नावाची मांडणी ठरवली. ती प्रत्येक संगणकात आधीपासूनच असते, फक्त चालू करावी लागते. तिच्यात डाव्या हाताखाली स्वर आणि काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताकडे व्यंजने. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच कळीवर, त-थ, द-ध, प-फ, ब-भ तसेच. जोरकस अक्षरासाठी शिफ्टची कळ धरायची. बाराखडी पाठ असलेल्या मुलाला ही मांडणी घरच्यासारखी वाटते.

आणि त्यात एक कळ आहे पाय मोडण्याची. जोडाक्षर लिहायचे तर पहिल्या अक्षराचा पाय मोडायचा आणि मग दुसरे अक्षर दाबायचे. 'स्त्री' हा शब्द घ्या. स, पाय मोडा, त, पाय मोडा, र, आणि दुसरी वेलांटी : सहा कळा. जी मुले वहीत 'स्त्री' लिहिताना हमखास अडखळत, ती दोन दिवसांत 'स त र' असे फोड करून लिहू लागली. तीच गोष्ट ऱ्हस्व वेलांटीची. 'किती' मधली पहिली वेलांटी हाताने लिहिताना कच्या आधी येते, म्हणून पुष्कळ मुलांचा गोंधळ होतो. कळफलकावर आधी क, मग वेलांटी, जसे आपण बोलतो तसे. आणि यंत्र ती वेलांटी उचलून आधी नेऊन ठेवते. शुद्धलेखनाच्या वह्या भरून जे साधले नव्हते ते यात साधले, असा माझा अनुभव आहे. सगळ्याच मुलांना साधले असे म्हणत नाही.

आता आक्षेपांकडे येते. पहिला आक्षेप डोळ्यांचा, आणि तो खरा आहे. कोविडमध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा मुले तासन्‌तास मोबाइलसमोर बसली. अखेर जुलै २०२० मध्ये केंद्राला 'प्रज्ञाता' नावाची सूचनापत्रिका काढून सांगावे लागले की, पहिली ते आठवीच्या मुलांना पडद्यावर दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास असावेत. मी तर आठवड्याला दोनदा अर्धा तास मागते आहे, आणि त्यातही निम्मा वेळ जोडीदाराचा. याहून अधिक वेळ घरी मालिका पाहण्यात जातो, हे आपण एकमेकींना सांगायला नको.

दुसरा आक्षेप असा की, 'आमच्या पोराला मोबाइल आमच्यापेक्षा चांगला येतो, त्याला आणखी काय शिकवायचे?' मी परवाच आपल्या आळीतल्या चौथीच्या एका हुशार मुलाला माझ्या घरच्या संगणकावर स्वतःचे नाव टंकायला सांगितले. बोटाने चित्रे सरकवण्यात तो पटाईत. पण नाव टंकायला त्याला सात मिनिटे लागली, आणि ते साठवून ठेवायचे म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हते. याच मुलाने मागे एकदा, फोनवरच्या काकांनी विचारला म्हणून, आईच्या मोबाइलवर आलेला बँकेचा ओटीपी वाचून दाखवला होता. पैसे थोडे गेले, आणि मार त्याला बसला. दाराची किल्ली परक्याला देऊ नये हे आपण मुलाला शिकवतो, मग ही किल्ली कोणती हे कुणी तरी त्याला बसवून सांगितले होते काय? केरळात २०२२ साली 'अम्मा अरियान', म्हणजे आईला कळावे म्हणून, असा उपक्रम झाला, आणि त्यात शाळेतल्या मुलामुलींच्या मंडळांनीच आयांना मोबाइलवरच्या फसवणुकीबद्दल धडे दिले. आपण कार्यकारिणीने याचाही विचार करावा.

तिसरा आक्षेप, 'वरच्या वर्गात शिकतीलच की.' २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात संगणकाला हुकूम लिहिण्याचे शिक्षण सहावीपासून धरले आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार हे विषय २०२६-२७ पासून तिसरीपासूनच आणण्याचे जाहीर केले. पुस्तके येतील. शिक्षकांना दोन दिवसांचे शिबिरही होईल. पण ज्या शाळेत मुलाच्या हाताखाली यंत्र नाही, तेथे ही पुस्तकेही पाठच होणार, माझ्या 'हा पडदा, हा उंदीर' सारखी.

आणि ज्या मुलांच्या घरी यंत्र आहे, ती घरी शिकतीलच. प्रश्न आहे तो ज्यांच्या घरी एकच मोबाइल आहे त्यांचा, आणि त्यांतही मुलींचा. कोविडच्या काळात आपण घरोघरी पाहिले, मोबाइल एक आणि मुले दोन असली की आधी भावाचा तास होई. बहीण पोळ्या लाटता लाटता ऐके. दिल्लीत १९९९ साली सुगत मित्र यांनी कालकाजीच्या झोपडपट्टीलगतच्या भिंतीत भोक पाडून तेथे एक संगणक बसवला, आणि मुले कुणी न शिकवता तो वापरू लागली. या प्रयोगाची कीर्ती जगभर झाली, ती योग्यच होती. पण अशा उघड्यावरच्या यंत्रापाशी कोण पुढे असणार? दांडगे मुलगे. नंतर तेथे गेलेल्या अभ्यासकांनीही हेच पाहिले. नंबर लावायला कुणी मोठे माणूस बसलेले असल्याशिवाय अबोल मुलीचा नंबर येत नाही.

ती वहीवर बोटे आपटणारी मुलगी मला पुन्हा भेटली. २०२३ च्या जूनमध्ये मी उत्पन्नाच्या दाखल्याच्या कामासाठी सेतू केंद्रात गेले होते. रांगेत माझ्यापुढे एक बाई, कडेवर नाही पण पदराला धरून उभी असलेली सहा वर्षांची पोर. तिने मागे वळून पाहिले आणि 'बाई!' म्हणून तिथल्या तिथे वाकून नमस्कार केला. मुलीच्या शाळाप्रवेशाचा अर्ज भरून घ्यायला ती मजुरी बुडवून आली होती. आदल्या दिवशीही येऊन गेली होती. सगळी रांग होईपर्यंत खिडकी बंद झाली. अर्ज मराठीतच होता. ती मराठी छान वाचते. नुसते नाव, पत्ता, जन्मतारीख टंकायची होती. मी म्हटले, 'अगं, हे तुला आलं असतं.' ती हसली आणि म्हणाली, 'बाई, तेव्हा नंबर नव्हता आला, आता तरी येतोय का बघू.' तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. तिला बहुधा ते चित्र आणि त्या टाळ्याच आठवत असाव्यात. मी मात्र दाखला न काढताच घरी आले.

तेव्हा आता माझी सूचना. फळा वाईट नाही. पृथ्वी कशी फिरते, हृदय कसे चालते, हे त्यावर सुंदर दिसते. पण त्यासमोर बाई उभ्या राहतील आणि चाळीस मुले पाहत बसतील, आणि पुढे घुसणारी चार मुले बोट लावतील. मी दुकानात चौकशी केली. अशा एका फळ्याच्या किमतीत कचेऱ्यांनी काढून टाकलेले, दुरुस्त केलेले आठ संगणक येतात. त्यांवर फुकटचे कार्यक्रम चालतात : कासवाचा लोगो, चित्रे काढायला टक्स पेंट, लहानांच्या खेळांसाठी जीकॉम्प्री. एका यंत्रावर दोन मुले, एकाने सांगायचे, दुसऱ्याने टंकायचे, दहा मिनिटांनी घंटा आणि अदलाबदल. मुलगा-मुलगी अशी जोडी नको. मुलींच्या जोड्या वेगळ्या, निदान पहिले सहा महिने. हे माझे मत काहींना जुनाट वाटेल, पण मुलगा शेजारी असला की कळफलक त्याच्याकडे सरकतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अभ्रे शिवू नयेत. धूळ बसली तर पुसता येते. यंत्र बिघडले तर भरपाई मंडळ देईल, असे आधीच लेखी कळवावे, म्हणजे शिक्षकांची धास्ती जाईल.

आणि पैशाबरोबर माणसे द्यावीत. बुधवार आणि शनिवारी, शाळा सुटल्यावर एक तास, दर वेळी मंडळाच्या दोन भगिनी. संगणक येत नाही म्हणून कुणी मागे राहू नये. नंबर लावणे, घंटा वाजवणे, कोण बसले नाही ते वहीत टिपणे, एवढेच काम आहे. आणि बसता बसता आपल्यालाही येते. शिवणवर्गातल्या दोघींनी काल मला विचारले की, मुलांबरोबर आम्हीही टंकले तर चालेल ना? चालेल.

मुख्याध्यापिकाबाईंशी मी बोलले आहे. फळ्याऐवजी यंत्रे म्हटल्यावर त्या थोड्या नाराज झाल्या, पण खोली द्यायला तयार आहेत; वायरिंग जुने आहे, ते आधी तपासून घ्यावे लागेल, आणि तो खर्च आपल्या हिशेबात धरलेला नाही. तो ठराव अध्यक्षाबाई आज सभेपुढे ठेवतील. मागच्या टेबलावर मी पुठ्ठ्याचे बारा कळफलक करून ठेवले आहेत, इनस्क्रिप्टचे. जाताना एकेक हाताळून पाहा, आपले नाव त्यावर टंकून पाहा, आणि ज्यांना बुधवारी किंवा शनिवारी यायचे असेल त्यांनी शेजारच्या वहीत नाव लिहावे. वहीत पहिली दोन नावे लिहिलेली दिसतील. एक माझे आहे. दुसरे, सेतू केंद्रात भेटलेल्या त्या माझ्या विद्यार्थिनीचे. ती आपल्या मंडळाची सभासद नाही, खालच्या वस्तीत राहते. तिला सभासद करून घ्यावे, अशी माझी चिटणीसबाईंना विनंती आहे. तिची पहिल्या वर्षाची वर्गणी मी आजच भरली आहे.